इन्स्टॉलरवर सही आहे, तरी विंडोज अडवतंय

मागच्या महिन्यात सांगलीहून एका डीटीपी ऑपरेटरचा फोन आला. "सर, तुमच्या कन्व्हर्टरमध्ये परत व्हायरस आलाय." त्यातला 'परत' मला जास्त लागला, कारण तो खरा होता. जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं एक छोटं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मी काही वर्षं सांभाळतोय. वापरणारे म्हणजे छापखानेवाले, पंचायत समितीतले ऑपरेटर, निवृत्त शिक्षक. कोड सायनिंगच्या सर्टिफिकेटसाठी (फाइल खरंच माझी आहे हे पटवणारं डिजिटल ओळखपत्र) पदरचे पैसे घालतो, त्याने इन्स्टॉलरवर डिजिटल सही करतो, आणि तरी दर वर्षा-दीड वर्षाने हा फोन ठरलेला.

अशा वेळी मी आता एकच गोष्ट मागतो: स्क्रीनचा फोटो. 'व्हायरस' हा शब्द स्क्रीनवर बहुधा नसतोच. या फोटोतही नव्हता. मोबाइल तिरका धरून काढलेला, मॉनिटरवर रेघा आलेल्या, पण वरची पिवळी पट्टी स्पष्ट दिसत होती आणि खाली 'पब्लिशर: अननोन'.

पिवळी पट्टी आणि निळी खिडकी हे दोन वेगळे आजार आहेत, आणि लोक दोन्हींवर एकच औषध देतात. नवीन सर्टिफिकेट विकत घेतात. मीही एकदा घेतलं होतं, उगाच.

निळी की पिवळी

निळी मोठी खिडकी, 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी' म्हणणारी, ती स्मार्टस्क्रीनची. ब्राउझरने फाइल उतरवली की विंडोज तिच्यामागे 'झोन.आयडेंटिफायर' नावाची एक अदृश्य चिठ्ठी लावतं: ही इंटरनेटवरून आली आहे. ती चिठ्ठी असलेली फाइल चालवायला गेलं की स्मार्टस्क्रीन विचारतं, ही फाइल किंवा हिच्यावर सही करणारा आपल्या ओळखीचा आहे का? नसेल तर खिडकी. तिथे 'मोर इन्फो'वर क्लिक केलं की पब्लिशरची ओळ दिसते. त्या ओळीत तुमचं नाव असेल तर सही ठणठणीत आहे, फक्त ओळख कमी पडतेय. 'अननोन पब्लिशर' असेल तर सही नाही, किंवा आहे पण विंडोजला ती पटत नाही.

पिवळी पट्टी यूएसीची, म्हणजे प्रोग्रॅम ॲडमिनचे अधिकार मागतो तेव्हाची. तिला तुमची ख्याती वगैरे काही कळत नाही. ती फक्त सही तपासते. पटली तर पट्टी निळी आणि 'व्हेरिफाइड पब्लिशर', नाही पटली तर पिवळी.

आपल्या मशीनवर सगळं सुरळीत चालतं याचं कारण त्या चिठ्ठीत आहे. तुम्ही स्वतः बिल्ड केलेल्या फाइलला चिठ्ठीच नसते, त्यामुळे स्मार्टस्क्रीन तिच्याकडे बघतही नाही. पेन ड्राइव्ह बहुतेक वेळा एफएटी32 किंवा एक्सफॅट असतो. त्यावर फाइल कॉपी केली की चिठ्ठी गळून पडते. म्हणून चाचणी घ्यायची तर फाइल खरोखर अपलोड करा, दुसऱ्याच्या मशीनवर ब्राउझरने उतरवा आणि मग डबल क्लिक करा. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन यासाठी उत्तम. माझं तरी तेच आहे.

सांगलीच्या फोटोत पट्टी पिवळी होती आणि निळी खिडकी आलीच नव्हती. म्हणजे फाइल ब्राउझरने उतरवलेली नसावी आणि सही बिघडलेली असावी. विचारलं, तर निघालं की तालुक्याच्या एका मित्राने पेन ड्राइव्हवर दिली होती. आवृत्ती 2.1. नाव ऐकूनच मी कपाळाला हात लावला.

तारखेचा शिक्का

2.1 वर मी 2021 मध्ये सही केली होती. तेव्हा सर्टिफिकेट आणि त्याची खासगी किल्ली (सही करायला लागणारा गुप्त संकेत) एका पीएफएक्स फाइलमध्ये असायची आणि माझी बिल्ड स्क्रिप्ट कुठूनतरी उचललेली, एका ओळीची. साइनटूलने (सही करणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) 'सक्सेसफुली साइन्ड' म्हटलं, मी खूश. 2022 मध्ये सर्टिफिकेट संपलं आणि त्याच रात्रीपासून त्या वर्षभरात सही केलेला प्रत्येक इन्स्टॉलर 'अननोन' झाला. फाइल तीच, एक बाइटही बदललेली नाही.

निवृत्त झालेल्या तलाठ्याने नोकरीत असताना दिलेला उतारा आजही कागद म्हणून उभा राहतो, कारण त्यावर तारीख आहे आणि त्या तारखेला तो तलाठी होता. तारीखच नसेल तर कोणीही विचारेल, ही सही निवृत्तीनंतरची कशावरून नाही? इन्स्टॉलरचंही तेच. सही करतानाच त्रयस्थ टाइमस्टॅम्प सर्व्हरकडून 'ही सही अमुक वेळी अस्तित्वात होती' असा शिक्का घ्यायचा असतो. तो असेल तर सर्टिफिकेट संपल्यावरही सही चालते. पुढे कधी सर्टिफिकेट रद्द करावं लागलं, तरी रद्द होण्याच्या तारखेआधीच्या सह्या वाचू शकतात. तो नसेल तर तुमचे सगळे जुने इन्स्टॉलर सर्टिफिकेटसोबत सती जातात.

साइनटूलमध्ये शिक्क्यासाठी दोन पर्याय आहेत आणि इथेच घोळ होतो. '/टी' हा जुना, '/टीआर' हा आरएफसी 3161 या मानकाच्या पद्धतीचा. आज '/टीआर'च वापरायचा, आणि त्याच्यासोबत '/टीडी एसएचए256' द्यायचं. '/एफडी एसएचए256' हा फाइलच्या हॅशचा (तिच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाचा) पर्याय वेगळा, तोही हवाच. नव्या पद्धतीच्या सर्व्हरचा पत्ता '/टी'ला दिला तर साइनटूल म्हणतो, सर्व्हर सापडला नाही किंवा उत्तर चुकीचं आलं. मग माणूस इंटरनेट, फायरवॉल, अँटिव्हायरस सगळं तपासत बसतो. चूक एका अक्षराची असते.

सर्व्हर खरंच कधीकधी उत्तर देत नाहीत, हेही आहे. बऱ्याच फाइलींवर ओळीने शिक्के मागितले की काही सर्व्हर हात आखडता घेतात. माझ्या स्क्रिप्टमध्ये आता सही आणि शिक्का या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी सही, मग साइनटूलचीच 'टाइमस्टॅम्प' ही आज्ञा. ती फसली तर दहा सेकंद थांबून पुन्हा, तीनदा फसली तर दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर. शिक्क्याला तुमची खासगी किल्ली लागत नाही, त्यामुळे कितीही वेळा प्रयत्न केला तरी टोकनचा (किल्ली ठेवलेल्या यूएसबी उपकरणाचा) पिन पुन्हा टाकावा लागत नाही.

शिक्का बसला का, हे डोळ्यांनी बघा. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स, डिटेल्स. खाली 'काउंटरसिग्नेचर्स'च्या चौकटीत एक नाव आणि तारीख दिसली पाहिजे. चौकट रिकामी असेल तर रिलीज थांबवा.

तपासणीच खोटं बोलते तेव्हा

'साइनटूल व्हेरिफाय' असं नुसतं चालवलं की अगदी चोख सही असलेल्या फाइललाही तो 'रूट सर्टिफिकेटवर विश्वास नाही' म्हणतो (रूट म्हणजे विंडोज ज्याच्यावर थेट विश्वास ठेवतं ते साखळीतलं मूळ सर्टिफिकेट). घाबरू नका. '/पीए' दिला नाही तर साइनटूल ड्रायव्हरचे नियम लावून तपासतो, आणि तुमचा इन्स्टॉलर काही ड्रायव्हर नाही. '/पीए /व्ही' असं द्या. पॉवरशेलमधलं 'गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर'ही चालेल.

याउलटही होतं. तुमच्याकडे तपासणी पास, वापरणाऱ्याकडे नापास. बऱ्याचदा मधलं सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्या आणि रूटच्या मधला दुवा, फाइलमध्ये गेलेलंच नसतं. तुमच्या मशीनच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये तो आधीपासून असतो म्हणून साखळी जुळते. ज्या ऑफिसात इंटरनेटला कुलूप आहे तिथे तुटते. लिनक्सवरून ऑस्लसाइनकोडने सही करणाऱ्यांना हे हमखास भेटतं. '/एसी'ने, किंवा त्या-त्या साधनातल्या समांतर पर्यायाने, मधलं सर्टिफिकेट सोबत द्या.

आणि सही झाल्यावर फाइलला हात लावायचा नाही. आयकॉन बदलणं, यूपीएक्सने फाइल दाबून लहान करणं, सगळं आधी.

अनइन्स्टॉलर विसरलात

बाहेरचा इन्स्टॉलर साइन केला, पण आतली मुख्य एक्झी तशीच राहिली, हे फार होतं. अनइन्स्टॉलर तर जवळजवळ सगळेच विसरतात, कारण तो इन्स्टॉलर बनताना आत जन्माला येतो. बिल्ड झाल्यावर तो साइन करायला जाल तर हाती लागत नाही. इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनात स्क्रिप्टच्या सेटअप विभागात 'साइनटूल' लिहिलं की तो अनइन्स्टॉलरवरही सही करून घेतो. एनएसआयएस या तशाच साधनात त्यासाठी 'अनइन्स्टफायनलाइझ' आहे. एमएसआय प्रकारच्या इन्स्टॉलरची आणखी एक गंमत: '/डी'ने वर्णन दिलं नाही तर यूएसीच्या खिडकीत प्रोग्रॅमच्या नावाऐवजी काहीतरी अगम्य आकडे-अक्षरं दिसतात, सही पूर्ण बरोबर असूनही. एका शाळेतून मला फोन आला होता, "हे 3एफ2बी काय आहे?"

टेंडरच्या डीएससीने होईल का

महाराष्ट्रातून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आमच्याकडे ई-टेंडरचं, जीएसटीचं क्लास 3 डीएससी (डिजिटल सही सर्टिफिकेट) आहे, टोकन आहे, पिन आहे, मग वेगळे पैसे कशाला? डीएससीने इन्स्टॉलर साइन होत नाही. प्रत्येक सर्टिफिकेटच्या पोटात ते कशासाठी वापरायचं हे लिहिलेलं असतं. दस्तऐवज सहीच्या डीएससीत 'कोड सायनिंग' हे काम नोंदलेलं नसतं, म्हणून साइनटूल त्याकडे बघतही नाही आणि म्हणतो, 'नो सर्टिफिकेट्स वेअर फाउंड दॅट मेट ऑल द गिव्हन क्रायटेरिया'.

हाच संदेश योग्य सर्टिफिकेट असतानाही येऊ शकतो, म्हणून तो नीट वाचा. सर्टमॅनेजर (मशीनवरची सर्टिफिकेटं दाखवणारं विंडोजचं साधन) उघडा, पर्सनलमध्ये तुमचं सर्टिफिकेट शोधा. 'एन्हान्स्ड की युसेज'मध्ये कोड सायनिंग आहे का? पहिल्या टॅबवर तळाला खासगी किल्ली असल्याचं वाक्य आहे का? नुसती सीईआर फाइल उतरवून स्टोअरमध्ये टाकली असेल तर किल्ली नसतेच. सर्टिफिकेटच दिसत नसेल तर टोकनचं मिडलवेअर (त्याला विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) चालू नाही, किंवा तुम्ही वेगळ्याच युजर खात्यात आहात.

टोकन ड्रॉवरमध्ये, मी गावी

1 जून 2023 पासून सीए ब्राउझर फोरमच्या (सर्टिफिकेट देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या मंचाच्या) नियमाने कोड सायनिंगची किल्ली हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, एफआयपीएस 140-2 लेव्हल 2 या सुरक्षा मानकाच्या किंवा त्या तोडीच्या. पीएफएक्स फाइलचा जमाना संपला. नियम जाचक आहे, पण बिनकारण नाही. 2010 च्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमच्या ड्रायव्हर्सवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या दोन खऱ्या कंपन्यांच्या खऱ्या सह्या होत्या, चोरीच्या किल्ल्यांनी केलेल्या.

छोट्या प्रकल्पाची पंचाईत मात्र होते. 2023 च्या गणपतीत मी रत्नागिरीजवळच्या गावी होतो, टोकन पुण्याच्या मशीनला लावलेलं, आणि एक तातडीची दुरुस्ती सोडायची होती. रिमोट डेस्कटॉपने पुण्याच्या मशीनवर गेलो, तर टोकन गायब. शेजाऱ्यांना घरात पाठवून ते काढून पुन्हा लावायला लावलं, दोनदा. नंतर कळलं की रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात विंडोज तुमच्या समोरच्या मशीनचं स्मार्टकार्ड शोधतं, पलीकडच्या मशीनला लावलेलं दाखवत नाही. व्हीएनसीसारखं, पलीकडचा प्रत्यक्ष पडदा दाखवणारं साधन वापरलं की टोकन दिसतं. पिन मात्र अंदाजाने टाकत बसू नका. ठरावीक प्रयत्नांनंतर टोकन लॉक होतं, आणि काही टोकनं त्यानंतर फक्त पेपरवेट म्हणून उपयोगी.

गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे गिटहबच्या सर्व्हरवर, आपोआप बिल्ड करणाऱ्यांना टोकन कुठे लावणार? त्यांच्यासाठी क्लाउडमधल्या किल्ल्या आहेत. पोलंडच्या सर्टम या सर्टिफिकेट विक्रेत्याचं ओपन सोर्स सर्टिफिकेट कार्डावर मिळतं, तसंच सिंपलीसाइन या क्लाउड रूपातही मिळतं. साइनपाथ फाउंडेशन पात्र मुक्त स्रोत प्रकल्पांना फुकट सही करून देतं, पण बिल्ड उघड्यावर, स्वयंचलित झालेलं हवं आणि प्रत्येक रिलीजला माणसाची मंजुरी हवी. मायक्रोसॉफ्टची अझूर सेवा महिना 9.99 डॉलरपासून आहे. तिची सर्टिफिकेटं फक्त 3 दिवस जगतात, म्हणजे तिथे शिक्का विसरलात तर चौथ्या दिवशी सही मेली. व्यक्तींसाठी ती अमेरिका आणि कॅनडापुरती सुरू झाली, म्हणून आपल्यापैकी बहुतेकांना तिचा उपयोग नाही. एमएसआयएक्स या पॅकेज प्रकारात बांधून मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये टाकायची तयारी असेल तर सही स्टोअरच करतं.

नाव काय लागलं

आता निळ्या खिडकीकडे. ख्याती दोन गोष्टींना चिकटते: त्या नेमक्या फाइलच्या हॅशला आणि सही करणाऱ्या सर्टिफिकेटला. नवी आवृत्ती म्हणजे नवा हॅश, पण सर्टिफिकेट जुनं असेल तर ते तिला हाताला धरून नेतं. सर्टिफिकेटच नवं असेल तर दोन्ही बाजूंनी अनोळखी. दर नूतनीकरणानंतर तक्रारी उसळतात त्या यामुळे. पूर्वी महागडं ईव्ही (जास्त कसून ओळख तपासून दिलेलं) सर्टिफिकेट घेतलं की पहिल्या दिवसापासून वाट मोकळी व्हायची. 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने ईव्ही आणि साध्या सर्टिफिकेटमधला भेद काढून टाकला. विक्रेत्यांची जुनी पानं अजून तेच आश्वासन देतात. फसू नका.

उपाय फार नाहीत. सर्टिफिकेट संपायच्या आत नवं घ्या, त्याने आधी बीटा साइन करून तो थोड्या लोकांच्या हातात जाऊ द्या, मग मुख्य रिलीज. आणि एकदा चढवलेली फाइल त्याच नावाने पुन्हा चढवू नका. मदतीच्या पानातला एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला मी एका संध्याकाळी दोनदा नवीन बिल्ड चढवलं होतं. प्रत्येक वेळी हॅश नवा, प्रत्येक वेळी मोजणी शून्यापासून. शुद्धलेखन सुधारलं, डाउनलोड निम्मे झाले.

तरी सगळ्यात मोठा घोळ नावाचा. सर्टिफिकेटवर प्रकल्पाचं नाव लावता येत नाही, कायद्याने अस्तित्वात असलेलं नाव लागतं. नोटपॅड प्लस प्लसच्या निर्मात्यालाही हेच नडलं होतं, आणि 2019 मध्ये 7.6.4 या आवृत्तीपासून त्याने वैतागून सही करणंच सोडलं होतं. आपल्याकडे त्यात भर मधल्या नावाची. माझ्या पासपोर्टवर तीन नावं, एका कार्डावर दोन, लाइट बिल वडिलांच्या नावावर आणि त्यात आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. पहिल्या वर्षी तपासणाऱ्याने तीन नावं घेतली, नूतनीकरणाच्या वेळी दुसऱ्या कोणीतरी दोन. एका ग्रंथपाल बाईंनी मेल केला: "तुमच्या नावाने भलताच माणूस सॉफ्टवेअर वाटतोय, सावध राहा." त्या बरोबर होत्या. वापरणाऱ्याने असंच वागायला हवं.

म्हणून अर्जासोबतच्या सगळ्या कागदांवर नाव अक्षरश: एकसारखं आहे का, हे पैसे भरण्याआधी बघा. मागच्या सर्टिफिकेटचा 'सब्जेक्ट' कॉपी करून विक्रेत्याला पाठवा आणि हाच हवा म्हणून सांगा. एमएसआयएक्स करत असाल तर तो मॅनिफेस्टमधल्या 'पब्लिशर'शी स्वल्पविरामासकट जुळावा लागतो, नाहीतर 0एक्स8007000बी ही त्रुटी. आणि डाउनलोडच्या बटणाशेजारी मराठीत लिहून टाका: इन्स्टॉल करताना अमुक नाव दिसेल, दुसरं दिसलं तर थांबा. साइनपाथने सही करत असाल तर हे जास्तच गरजेचं, कारण तिथे तुमचं नाही, फाउंडेशनचं नाव दिसतं.

मॅकबद्दल थोडक्यात: वर्षाला 99 डॉलर, डेव्हलपर आयडी, आणि मॅकच्या कॅटालिना आवृत्तीपासून नोटरायझेशन (ॲपलकडून फाइल तपासून घेणं). पीकेजी या मॅकच्या इन्स्टॉलर फाइलला 'इन्स्टॉलर' प्रकारचं सर्टिफिकेट लागतं, आतल्या ॲपला 'ॲप्लिकेशन' प्रकारचं. नोटरायझेशन सारखं नाकारलं जात असेल तर आधी हे बघा.

सांगलीच्या ऑपरेटरला मी 2.1 फेकून द्यायला सांगितलं आणि नव्या आवृत्तीची लिंक पाठवली. पाच मिनिटांत फोन. "सर, आता निळं आलं." मी म्हटलं, मोर इन्फो दाबा आणि पब्लिशरच्या पुढे काय आहे ते वाचून दाखवा. त्यांनी माझं नाव वाचलं, सावकाश, वडिलांच्या नावासकट. मग 'रन एनीवे' दाबलं. मित्राच्या पेन ड्राइव्हवरची फाइलही बदलून देतो म्हणाले.

"पुढच्या वर्षी परत येणार का हे?"

पूर्वी ही सर्टिफिकेटं 39 महिन्यांची मिळायची. 1 मार्च 2026 पासून कमाल मर्यादा 460 दिवस. "दर सव्वा वर्षाने," मी सांगितलं. त्यांनी नंबर सेव्ह करून ठेवतो म्हटलं.